टाकी भरली, पण ओतायची कुठे?

कॅराव्हॅनवाले साहेब खुलताबाद सोडणार म्हटलं की गावाला दोन दिवस आधी कळतं. लॅपटॉप मिटला, काम आवरलं, आता पुढचा मुक्काम, असं ते स्वतःच जाहीर करतात. काम म्हणजे म्हैसमाळच्या कड्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि पुण्यातल्या माणसाला ‘माझा आवाज येतोय का’ असं विचारत राहायचं. तो नेमका येत नसतो. एवढ्या कष्टानं माणूस दमतो आणि त्याला पुढच्या वाटेचे वेध लागतात.

तयारी बघण्यासारखी असते. आधी लॅमिनेशन केलेली यादी निघते. बाजूचा मांडव गुंडाळायचा, जॅक वर घ्यायचे, गॅस बंद, फ्रिजच्या दाराला खिटी, कपबश्यांच्या मधे टॉवेल, आणि तुळशीची कुंडी (हो, तीही असते) सिंकमध्ये. दौलताबादच्या दरवाज्यातून छतावरचा एसी पार होईल का, यावर टेप लावून चर्चा झडते. त्या दौलताबादला 1327 साली दिल्लीची अख्खी राजधानी हलवली होती. तेव्हाही एवढी खलबतं झाली नसतील. मग भद्रा मारुतीला नारळ फुटतो. आमचा मारुती निवांत पहुडलेला आहे, त्याला कुणाच्याच जाण्यायेण्याची घाई नाही. सगळं उरकतं. यादीतलं शेवटचं कलम तेवढं राहतं.

टाकी.

या घराच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी. दुसरीत काय असतं ते सांगत नाही, तुम्ही चहा घेत असाल. परदेशात मुक्कामाच्या जागी ती ओतायला झाकण लावलेलं रीतसर गटार असतं. आपल्याकडे राज्याचं कॅराव्हॅन धोरण 2021 साली आलं. त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, वीज आहे, पाणी आहे, सांडपाण्याची सोयसुद्धा आहे. म्हणजे कागदावर टाकी केव्हाच रिकामी झाली. खुलताबादला आली तेव्हा मात्र ती काठोकाठ भरलेली होती.

मग साहेब टाकी घेऊन दारोदार हिंडले. पंपावरच्या पोरानं नेहमीप्रमाणे विचारलं, ‘टाकी फुल करायची?’ साहेब म्हणाले, ‘फुल आहे, रिकामी करायचीय.’ पोरगं बिचारं मॅनेजरला बोलवायला पळालं. ढाबेवाला आधी खूश झाला. पाणी आहे तर झाडांना सोडा म्हणाला, दुष्काळी मुलखातला माणूस, पाण्याला नाही म्हणत नाही. पण झाकण बोटभर उघडलं तशी त्याची गिऱ्हाइकं ताट टाकून उठली. लॉजवाल्यानं सांगितलं, खोली घ्या आणि आमचा संडास हवा तेवढा वापरा, पण बाहेरचे पदार्थ आत आणायला मनाई आहे. शेवटी मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन लावला. त्यानं घराचा मालमत्ता क्रमांक विचारला. साहेबांनी सांगितला: एमएच बारा, आणि पुढचे चार आकडे. तिकडून फोन बंद. जिथं मन रमेल तिथं घर, असं रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर सांगणारा माणूस त्या दिवशी एका भोकाच्या शोधात सबंध तालुका पालथा घालत होता. अंधार पडल्यावर गाडी ओढ्याच्या कडेला थांबली. खळखळ आवाज झाला. आणि सकाळी रील आली: ‘आम्ही मागे फक्त पाऊलखुणा ठेवतो.’ पाऊलखुणांचा वास पुलापर्यंत येत होता.

आता चेष्टा पुरे. याच मोसमात याच रस्त्यानं दुसरीही फिरती घरं जातात, ऊसतोडीला. दसरा झाला, मुकादमाची उचल घेतलेली असली, की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या. त्यात पत्र्याची पेटी, हंडे, तवा, बाजेचे पाय, बांधलेली शेळी, वर म्हातारी आणि तिच्या मांडीत शाळेतून काढलेलं नातवंड. आवरायला यादी लागत नाही. घराला कुलूप लागतं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ते उघडत नाही. नवराबायको मिळून एक कोयता, एवढीच त्यांची मोजदाद. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात आडोसा म्हणजे ऊस, आणि तो तर तोडायचाच असतो! खाडा पडू नये, पाळीची कटकट नको म्हणून बीडकडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याच्या बातम्या 2019 साली देशभर छापून आल्या. चार दिवस हळहळ झाली, समिती नेमली गेली. दोनच वर्षांत फिरत्या घरांचं धोरण आलं, ते कॅराव्हॅनवाल्यांचं. हौसेनं भटकणाऱ्याला संडास लागतो हे सरकारी टेबलावर कुणाला तरी सुचलं. पोटासाठी सहा महिने उघड्यावर राहणारी बाई काय हवा खाऊन जगते? शरम नावाची वस्तू यांच्या कुठल्या यादीत आहे का? साहेब तर कॉफीसुद्धा बिनसाखरेची घेतात, म्हणजे तेवढाही संबंध उरला नाही.

तर त्या सकाळी घाटात साहेबांची गाडी अशाच एका ट्रॅक्टरमागे अडकली. खाली चहाला दोन्ही वाहनं थांबली. साहेबांना बंधुभाव दाटून आला. ट्रॉलीशी जाऊन त्यांनी म्हातारीला विचारलं, ‘आजी, तुम्ही तुमची व्यवस्था कुठं करता?’

‘कशाची?’

साहेबांनी आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, शेवटी हातवारे करून. ट्रॉलीतल्या बायका इतक्या हसल्या की निघायला उशीर होतोय म्हणून मुकादमाला भोंगा वाजवावा लागला.