तोंड फिरविण्याचे व्याकरण

आवडनिवड हा वस्तुतः जिभेचा प्रांत. परंतु इंग्रजीत तोही व्याकरणाच्या अंमलाखाली गेलेला आहे, याची साक्ष ‘ॲव्हर्स’ हे नावडीचे विशेषण देते. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ तोंड फिरविलेला. म्हणजे आपल्या ‘पराङ्मुख’ शब्दाचा मावसभाऊच. आता तोंड फिरवायचे ते एखाद्या गोष्टी‘पासून’ हे उघड असल्यामुळे डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ‘फ्रॉम’ला मान्यता देऊन ‘टू’वर अशुद्धतेचा शेरा मारला. रयतेने तो हुकूम मानला नाही. आणि तोंड एकीकडे व अव्यय दुसरीकडे असा कारभार पावणेदोनशे वर्षे बिनदिक्कत चालल्यावर, १९२६ साली इंग्रजी शब्दप्रयोगांचे कोशकार फौलरसाहेबांनी ‘फ्रॉम’चाच हट्ट म्हणजे अर्धवट विद्वत्तेची पंडितगिरी, असा निवाडा देऊन प्रकरण दप्तरी दाखल केले.

हा निवाडा आमच्या कचेरीपर्यंत पोचला नव्हता. तेथे त्याहून मूलभूत वाद होता. माणूस असतो तो ‘ॲव्हर्स’ आणि परिस्थिती असते ती ‘ॲडव्हर्स’, हा भेद न जुमानता एका कारकुनाने ‘मी बदलीला ॲडव्हर्स आहे’ असा अर्ज केला. म्हणजे बदलीवर कोसळलेले संकट ते आपणच! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या शिरस्तेदारांनी तांबड्या शाईने मधला ‘डी’ खोडून अर्ज वर पाठविला. वरून शेरा आला : ‘भाषा दुरुस्त. बदली कायम.’

आणि गंमत अशी, की इंग्रज मनुष्य हे नावडीचे विशेषण पुष्कळदा आवड सांगण्यासाठीच काढतो. ‘एखाद्या पेल्यास मी ॲव्हर्स नाही’ असे तो म्हणाला, की यजमानाने बाटली पुढे सरकवावी. आपल्याकडे हे काम फारसीतून आलेली ‘हरकत’ करते. चहाच्या चौथ्या कपाला ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्या गृहस्थाचा हात तोपर्यंत बशीला लागलेला असतो.

खरीखुरी नावड सांगताना मात्र मराठीची तऱ्हा निराळी. ‘मला कारले आवडत नाही’ या वाक्यात कर्ता कारले असल्यामुळे सगळा ठपका त्या गरीब भाजीवर जातो. हा अन्याय टाळावा म्हणून परवा पानावर बसल्याबसल्या मी ‘कारल्याविषयी मी पराङ्मुख आहे’ असे सौभाग्यवतींना निवेदन केले, आणि पराङ्मुख म्हणजे तोंड फिरविलेला, हेही विशद केले.

“असं होय?” डाव पुढे करीत त्या म्हणाल्या, “मग तोंड इकडे करा. भाजी निवते आहे.”