परमुलखात बास्केटबॉल: नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम उंची मोजून घ्या. साडेसहा फुटांच्या आत भरलात तर चेंडू खेळवता आला पाहिजे. सात फुटांच्या आसपास असाल तर तेवढीही अट नाही. मग अमेरिकेत जन्माला या, किंवा निदान तिथल्या एखाद्या कॉलेजच्या संघात चार वर्षं काढा. दोन्ही जमत नसेल तर पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगचा मार्ग आहे. 2015 साली अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या खेळाडू-निवडीत डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं. अशी निवड झालेला, भारतात जन्मलेला तो पहिलाच खेळाडू. एनबीएचा एकही साखळी सामना वाट्याला न येता तो पुढे कॅनडातल्या लीगमध्ये खेळला आणि नंतर टीव्हीवरच्या कुस्तीत गेला. तेव्हा मार्ग आहे, पण तो कुठे निघेल याची हमी आम्ही देत नाही.

एनबीएचे संघ 30 आणि प्रत्येकाकडे पक्क्या जागा 15. म्हणजे साऱ्या जगासाठी 450 नोकऱ्या, आणि त्याही आधीच भरलेल्या. दरवर्षी कॉलेजांतून बाहेर पडणारी बाकीची पोरं स्पेन, तुर्कस्तान, जपान, लेबनॉन, जिथून बोलावणं येईल तिथे जातात. तुम्हालाही तेच करायचं आहे.

एजंटचा फोन रात्री येईल. तो सांगेल त्या गावाचं नाव तुम्हाला उच्चारता येणार नाही, तरी होकार द्या. पगार करमुक्त, म्हणजे कर क्लबने भरायचा. शिवाय राहायला फ्लॅट, जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट आणि एक गाडी. गाडी अशी असते की तिच्यात बसताना गुडघे आणि स्टिअरिंग यांपैकी एकाचीच सोय होते. एजंटचं कमिशन साधारण दहा टक्के. ते बहुतेक वेळा क्लबच देतो, त्यामुळे एजंटला सगळेच क्लब चांगले वाटतात.

पोहोचल्यावर ध्यानात घ्या, की तुमचं स्थान दिवाळसणाला आलेल्या जावयाचं आहे. कौतुक भरपूर होईल, पण मुक्काम लांबला की कुजबुज सुरू होते. संघ जिंकला तर स्थानिक पोरांनी जीव तोडून खेळ केला असं छापून येतं. हरला, तर तुम्ही तीस गुण केलेले असले तरी परदेशी खेळाडूत पूर्वीसारखा दम राहिला नाही, असं छापून येतं. हे पक्षपाती आहे म्हणून रडू नका. पगार त्याचाच मिळतो.

फिलिपिन्सचा धडा वेगळा गिरवावा लागेल. तिथली पीबीए लीग 1975 पासून चालू आहे आणि संघ गावांचे नसून कंपन्यांचे आहेत. बिअर, रंग, वीज, टेलिफोन, काय हवं ते. एका कॉफीच्या नावाच्या संघाने 2014 मध्ये मोसमातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. एका संघाला सहसा एकच परदेशी खेळाडू, आणि त्यालाही बहुधा उंचीची मर्यादा. जन्मभर जी उंची अभिमानाने मिरवली, ती तिथल्या मोजपट्टीखाली अर्ध्या इंचाने कमी भरावी म्हणून लोक देवाचा धावा करतात. दोन-चार सामने हरलात की बदली माणूस विमानात बसलेला असतो. कधीकधी हा बदली माणूसच इतिहास घडवतो. 2016 मध्ये जस्टिन ब्राऊनली असाच दुसऱ्याच्या जागी बारांगाय हिनेब्रा संघात आला, अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी लांबून बास्केट करून त्याने विजेतेपद मिळवून दिलं, आणि मग त्याला परत जाऊ देणं कोणालाच जमलं नाही. 2023 मध्ये त्याला नागरिकत्व देण्यात आलं. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्याने फिलिपिन्सला 1962 नंतरचं पहिलं सुवर्णपदक मिळवायला हातभार लावला.

चीनची तयारी करणाऱ्यांनी स्टेफन मार्बरी अभ्यासाला घ्यावा. एनबीएत त्याचं कोणाशी पटेना. 2010 मध्ये तो शान्शी प्रांतातल्या संघात गेला, तिथून फोशान, तिथून बीजिंग. बीजिंगला त्याने 2012, 2014 आणि 2015 अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली. लोकांनी त्याचा पुतळा उभारला. त्याच्या आयुष्यावर संगीत नाटक निघालं आणि त्यात मार्बरीची भूमिका मार्बरीनेच केली. हे तुमच्या बाबतीत घडणार नाही, पण फ्लॅटमध्ये हीटर बंद पडेल तेव्हा आठवायला बरं.

आता पगाराचा विषय. पहिल्या महिन्यात तो वेळेवर येतो. तिसऱ्या महिन्यात व्यवस्थापक भेटला की आधी तुमच्या आईच्या तब्येतीची चौकशी करू लागतो, तेव्हा समजून घ्या. 'बँकेत गेलंय', 'प्रायोजक गावाला गेलाय', 'पुढच्या मंगळवारी नक्की' ही वाक्यं कोणत्याही भाषेत ओळखता आली पाहिजेत. यासाठीच 2007 मध्ये फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने लवाद स्थापन केला. त्याचं कायदेशीर ठाणं जिनिव्हात आहे. तिथले लवाद कोणत्याही एका देशाच्या कायद्यात न अडकता न्याय्य काय ते पाहून निकाल देतात. क्लबने निकाल पाळला नाही तर नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येते. दोन अटी मात्र आहेत. लवादाचं कलम करारात आधीपासून लिहिलेलं हवं आणि दावा लावताना शुल्क तुम्ही भरायचं. थकलेले पैसे मागायला पैसे लागतात, एवढं शिल्लक ठेवा.

मुलींसाठी हा अभ्यासक्रम अधिक कडक आहे. अमेरिकेतल्या महिला लीगचा मोसम उन्हाळ्यात आणि पगार तुटपुंजा, म्हणून वर्षानुवर्षं मोठमोठ्या खेळाडू हिवाळ्यात रशियाला जात. एकातेरिनबुर्गच्या क्लबने डायना टोरासीला 2015 चा अमेरिकन मोसम खेळू नये, विश्रांती घ्यावी, म्हणून अमेरिकेतल्या पगारापेक्षा जास्त पैसे दिले. त्याच क्लबकडे परत जाताना ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाचा अर्क असलेल्या व्हेपच्या नळ्या होत्या. शिक्षा नऊ वर्षांची झाली, आणि दहा महिन्यांनी शस्त्रांच्या एका रशियन व्यापाऱ्याच्या बदल्यात तिची सुटका झाली. इथे थट्टा आवरती घेतो. बॅग स्वतः भरा आणि दोनदा तपासा.

मुलाबाळांना बरोबर न्यायचं का? जो ब्रायंट 1984 मध्ये कुटुंबासह इटलीत खेळायला गेला आणि सात मोसम रिएती, रेज्जो कालाब्रिया, पिस्तोया अशी गावं बदलत राहिला. त्याचा मुलगा कोबी तिथल्याच शाळांत अस्खलित इटालियन शिकला आणि पुढे बापापेक्षा बराच नावाजला. तेव्हा न्यावं.

मोसम संपला की फ्लॅटची किल्ली आणि गाडी परत करा. थकबाकीचं पत्र लेखी घ्या, तोंडी आश्वासन घेऊ नका. आणि विमानात बसण्याआधी जुन्या देशाच्या महासंघाकडून 'लेटर ऑफ क्लिअरन्स' मिळेल याची खात्री करा. ते आल्याशिवाय पुढच्या देशात तुम्हाला एकही अधिकृत सामना खेळता येत नाही.