सात डिसेंबरचा उतारा

अतिवृष्टीच्या मदतीची यादी लागली आणि बीड जिल्ह्यात, त्वरिता देवीच्या तलवाड्यात कागदापुढे गर्दी झाली. नाव बरोबर, गट नंबर जवळपास बरोबर, आणि रकमेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ########.

"आरं, हे तारकुंपण कशाचं?" आबांनी चष्मा पुसला.

"आबा, रक्कम आत हाय. रकाना अरुंद हाय म्हणून दिसंना," ऑपरेटर म्हणाला.

"आत हाय, पर दिसंना. मंग आमचीच हाय ती!"

एक्सेलवर राग धरू नका. त्याचा कायदा साधा आहे. मजकूर लांबला तर तो शेजारच्या रिकाम्या घरात पाय पसरतो (सरकारी घोषणाही तेच करतात). आकड्याला ही मुभा नाही. अर्धवट कापून दाखवला तर 17,000 चे 17 वाचले जातील, म्हणून एक्सेल सरळ जाळी टाकतं. खोटं सांगण्यापेक्षा काहीच न सांगणं बरं, एवढी नीतिमत्ता त्या कागदावर दुसऱ्या कुठल्या रकान्यात सापडली तर कळवा.

गंमत अशी की आबांची रक्कम लहानच आहे. 2025 मध्ये मदतीचा ठरलेला निकष होता कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000. चार-पाच अंक कुठल्याही रकान्यात मावतात. जागा खाते ती सजावट: रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, टिंब आणि पैशांची दोन शून्यं. गोदाकाठची माती कुठवर वाहून गेली याचा पत्ता नाही, पण हिशेब पैशापर्यंत चोख. नवरदेवापेक्षा मुंडावळ्या जड, त्यातला प्रकार.

मोठा आकडा पाहायचा तर मुंबईला जावं. 7 ऑक्टोबर 2025 रोजी अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पूर्ण लिहिलं तर 3,16,28,00,00,000. सजावट नसेल तर एक्सेलच्या नेहमीच्या रुंदीत तो 3.16E+11 असा दिसतो, आणि गावाकडेही तो साधारण तितकाच समजला. यावर कचेऱ्यांनी जुना तोडगा ठेवलेला आहे: डोक्यावर 'रुपये कोटीत' लिहायचं. आता सगळं ऐसपैस मावतं. फक्त त्याच रकान्यात आबांचे 8,500 टाकले की उत्तर येतं 0.00. ही चूक नव्हे, पूर्णांकन आहे. लेखापरीक्षणात कुणीही बोट ठेवणार नाही.

बरं, आकड्याला रकाना मिळाला तरी त्याचा आकडेपणा टिकेल याची हमी नाही. मोकळ्या घरात 7/12 टाइप करून बघा. एक्सेल त्याची तारीख करतं: भारतीय धाटणीचं यंत्र असेल तर 7 डिसेंबर, अमेरिकी असेल तर 12 जुलै. गट नंबर 12/3 चा होतो 12 मार्च. बांधावरून दोन पिढ्या भांडल्या आणि जमीन निघाली कॅलेंडरात! यात आपण एकटे नाही. एक्सेल 'मार्च-1' सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा करत होतं, म्हणून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली. प्रत्यक्ष मानवी जनुकं जिथे नमली, तिथे तलाठ्याची काय कथा? त्याचंही नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालंच आहे. तेवढ्यानं रकाना मात्र रुंदावलेला नाही.

सगळ्यात महाग पडतो तो बँक खात्याचा रकाना. एक्सेल पंधराच अंक लक्षात ठेवतं. खाते क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो, तोही गुपचूप. इथे जाळी नाही की इशारा नाही. मग 'खाते जुळत नाही' असा शेरा, तहसीलची फेरी, पुन्हा केवायसी आणि पुन्हा तीच फाईल.

ज्या जिल्ह्याने पीकविम्याला, विमा कंपनीचा नफा-तोटा टक्क्यांत बांधणारा 80-110 चा 'बीड पॅटर्न' दिला, त्याला आकडे चौकटीत बसवायला कुणी शिकवायला नको. पण आपल्याकडे रकाना वाढवत नाहीत, आकडा घटवतात. एक्सेलमध्ये तशी सोयही आहे, 'श्रिंक टू फिट' नावाची. अक्षर इतकं बारीक होतं की रक्कम रकान्यात बसते आणि शेतकऱ्याला दिसत नाही. यादी तयार, तक्रार नाही.

तेव्हा याद्या करणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती. छापण्याआधी रकान्याच्या डोक्यावरच्या अक्षराच्या उजव्या कडेवर माउसने दोनदा टिचकी मारा, तो आपोआप रुंद होतो. खाते क्रमांक आणि गट नंबरचे रकाने आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. या दोन्ही कामांना शासन निर्णय लागत नाही.