मलकापुरास फौज आणणाऱ्यांसाठी सूचना

आपल्यापाशी अफाट फौज असेल, खजिना भरलेला असेल आणि एखादे राज्य कायमचे बुडवायचे मनात असेल, तर मलकापूरमार्गे विशाळगडाकडे जरूर यावे. औरंगजेब बादशहाने १७०१-०२ मध्ये घालून दिलेला कित्ता गिरवला की पुरे.

काय साधायचे ते फार काटेकोर ठरवू नये. ‘मराठे संपवणे’ एवढे बस्स. संपले हे ओळखायचे कसे, असे विचारणाऱ्या सरदाराची बदली करावी. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना ठार मारले, तेव्हा राज्य संपायला हवे होते. राज्य जिंजीला गेले. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, तेव्हा तरी संपायला हवे होते. तर ताराबाई उभ्या राहिल्या. अशा वेळी खचू नये. राज्य हाती लागत नसेल तर किल्ले मोजावेत. किल्ले जागचे हलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

मग आंबा घाटात तोफांसाठी वाट फोडावी (बादशहाच्या फतेउल्लाखानाने फोडली होती) आणि गडाला वेढा घालून बसावे. महिने उलटूनही गड येत नसेल, तर आतल्या परशुरामपंत प्रतिनिधींना दोन लाख रुपये द्यावेत. जून १७०२ मध्ये हा उपाय लागू पडला. त्या पैशाचे पंत काय करतील, याचा विचार करू नये. गडाचे नाव मात्र लगेच बदलावे. बादशहाने ‘सख्खरलना’ ठेवले. त्या नावाने गाडी कधी आहे, हे मलकापूरच्या एसटी स्टँडवर चौकशी करून पाहावे.

परतीला जूनच धरावा. ओढे फुगलेले असतात, उंट चिखलात रुतून बसतात, छावणीत धान्य मिळेनासे होते. पन्हाळ्यापर्यंतचे जेमतेम ३० मैल तोडायला बादशाही लष्कराला ३८ दिवस लागले. रोपलावणीला जो चिखल लागतो तो तोफेला चालत नाही, हे इथला कोणीही कुणबी सांगेल. त्याला विचारू नये. मोहीम गुप्त राहते.

लष्करात कुरकुर वाढलीच, तर पुढचे गड दाखवावेत: सिंहगड, राजगड, तोरणा. तेही १७०४ पर्यंत घेऊन झाले. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला वारला, तेव्हा ताराबाईंचे राज्य चालूच होते.

विशाळगड पुढे पुन्हा मराठ्यांकडे आला. त्याची जहागीर परशुरामपंतांच्याच घराण्याकडे राहिली, आणि १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी गडाची तटबंदी पाडली तेव्हा जहागिरीचे मुख्य ठाणे मलकापुरात आले.