पोळ्याचा फोन

डॅलसजवळून,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,


ओळखीचं एक कुटुंब दिवाळीला नागपूरला निघालंय, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण या भानगडीचं मूळ फोनच आहे. आणि तो फोन, रागावू नका, तुम्हीच केला होता.

पोळ्याच्या दिवशी, २२ ऑगस्टला, रात्री साडेआठला तुम्ही नातीला व्हिडिओ कॉल लावलात. झूल घातलेला, शिंगांना बेगड लावलेला बैल तिला दाखवायचा होता. हेतू चांगलाच. पण आपल्या गावी, मूलला रात्रीचे साडेआठ म्हणजे इथे सकाळचे दहा, आणि नात बीजगणिताच्या तासाला. टेक्सासात यंदापासून कायदाच आहे की शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पोरांनी मोबाइल वापरायचा नाही. ताडोब्यात पर्यटकांना मोबाइलबंदी आहे, तसंच समजा. फक्त इथे आत वाघ नाहीत. पोरीचा फोन दप्तरातच होता, आवाज बंद करायचा तेवढा राहिला. आणि तुमच्या फोनसाठी तिने हौसेने लावून ठेवलेला आवाज कोणता, तर बैलांच्या घुंगरांचा. भर वर्गात पोळा फुटला! फोन जप्त झाला, शाळा सुटल्यावर तिला तासभर बसवून ठेवलं आणि मला ईमेल आला की आपल्या पाल्याकडून शिस्तीचा भंग झाला आहे.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. मी मास्तरची पोरगी आहे, नियम म्हणजे नियम. म्हणणं पुढचं आहे. हा सगळा पोळा पुढच्या बाकावरचा एक साडेसहा फुटी पोरगा आपल्या मोबाइलवर शूट करत होता. बाई त्याला हसून म्हणाल्या, "ठेव रे राजा आत." बस. ईमेल नाही, जप्ती नाही. कारण तो क्वार्टरबॅक आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे शंकरपटातला धुरकरी समजा. धावणारे दुसरे, धडका खाणारे दुसरे, पण नाव याचं. इथल्या फुटबॉलला पाय फारसा लागत नाही, बहुतेक खेळ हातानेच चालतो. तरी दर शुक्रवारी रात्री अख्खं गाव तिथे. शेजारच्या ॲलन गावाने २०१२ साली शाळेच्या पोरांसाठी सहा कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलं, अठरा हजार प्रेक्षक बसतील एवढं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि २०१४चा अख्खा हंगाम ते बंद ठेवावं लागलं. तडे गेल्याचं वाचलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

कपड्यांचे नियमही असेच. नातीने डोक्यावर स्वेटरची टोपी ओढली, तर "चेहरा झाकला जातो" म्हणून बोलणी बसली. आणि होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक सोहळ्याच्या, दिवशी त्याच वऱ्हांड्यातून पोरी छातीवर ताटाएवढं कापडी शेवंतीचं फूल लावून फिरत होत्या. त्याला मम म्हणतात. त्याखाली गुडघ्यापर्यंत रिबिनी, रिबिनींना घंट्या, मधोमध अस्वलाचं पिल्लू. सजवलेली बैलजोडी तोरणाखाली निघाली असंच वाटतं. या घंट्यांचा मात्र कुणाला अडथळा होत नाही.

खेळाडूंना नियमच नसतील असं तुम्हाला वाटेल. तर तसं नाही. १९८४ साली इथे कायदा झाला: एका जरी विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तर सहा आठवडे खेळ बंद. पुढे निवडणुकीला उभे राहिलेले अब्जाधीश रॉस पेरो यांच्या समितीने तो सुचवला, मार्क व्हाइट या गव्हर्नरांनी सही केली आणि १९८६ च्या निवडणुकीत व्हाइट पडले. पडायला कारणं बरीच होती, तेलाचे भावही तेव्हा कोसळले होते. पण कोच लोकांनी त्यांच्यावर दात धरला होता हे सगळेच मान्य करतात. १९९५ ला सहा आठवड्यांचे तीन झाले. ७० गुण मात्र कायम आहेत.

आणि १९८८ चं डॅलसमधल्याच कार्टर हायस्कूलचं प्रकरण तर तुम्हाला फारच आवडेल. एका खेळाडूचे बीजगणिताचे गुण खरे की फुगवलेले, यावरून वाद पेटला. कोर्टकचेरी झाली, कोर्टाच्या हुकमावर संघ खेळत राहिला आणि राज्याचं अजिंक्यपद जिंकला. १९९१ मध्ये ते पद काढून हरलेल्या संघाला दिलं. बाबा, तुम्ही जन्मभर बीजगणित शिकवलंत, पण तुमच्या गुणांची दखल कधी तलाठ्यानेसुद्धा घेतली नाही.

तुमच्या जावयांना यात काहीच गैर दिसत नाही. वडशाचा माणूस, झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला. ते म्हणतात, "हिरोची गाडी उशिरा आली म्हणून मंडपातलं पब्लिक कधी घरी गेलं का? आणि पडदा ओढणारा पोट्टा पाच मिनिटं उशिरा आला तर त्याची मजुरी कापत. जगाची रीतच आहे ही." मी म्हटलं, रीत आहे म्हणून बरोबर आहे का? तर म्हणे, "मी फक्त रीत सांगितली. मी पडदा ओढणाराच होतो."

त्यावरून मला आपली शाळा आठवली. केळझर-चिचपल्लीच्या बाजूने येणारी पोरं आठवतात का? एसटी उशिरा आली की फाटक बंद, आणि ती एक तास उन्हात उभी. "उशीर काहून झाला?" "गुरुजी, रस्त्यावर वाघ होता." "रोज वाघच कसा भेटतो रे तुम्हाला?" आणि हातावर एक. मग एक दिवस मोठे सर स्वतःच पावणेबारा वाजता आले, स्कूटर धुळीने माखलेली, चेहरा पांढरा. त्यांनाही वाघ भेटला होता. त्या दिवशी आम्हाला अर्धी सुटी मिळाली. सरांचा वाघ खरा होता, पोरांचा बहाणा. दुसऱ्या दिवसापासून फाटक पुन्हा बंद.

राइस मिलवाल्यांचा पोरगा मात्र दुसऱ्या तासाला लुना फुरफुरत यायचा आणि त्याच्यासाठी फाटक उघडायला शिपाई धावायचा. आमच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर त्याच्या आजोबांचं नाव होतं. नियमाने तरी काय करायचं? त्यालाही वारा हवाच.

आणि छडीसाठी जंगलातून बांबूची काडी आणायला तुम्ही ज्याला पाठवलं होतं, त्याला नाक्यावर अडवून ठेवलं होतं, ते? १९२७ च्या कायद्यात बांबू म्हणजे झाड, आणि झाड तोडलं म्हणजे गुन्हा. ते पोरगं हातात एक काडी घेऊन रडत उभं होतं आणि त्याच्यासमोरून कागदाच्या कारखान्याकडे जाणारे बांबूचे ट्रक एकामागे एक चालले होते. त्यांच्याजवळ पास होता. तो पास धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडलं. दिल्लीहून मंत्री जयराम रमेश आले आणि पासाचं पुस्तक गावाला दिलं. बांबूला गवत म्हणायला सरकारला आणखी सहा वर्षं लागली, आणि तेही जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं. तुमच्या छडीला मात्र तो झाड आहे की गवत याने काही फरक पडला नाही, हे मी अनुभवाने सांगते.

कारण इतरांना दोन छड्या असल्या तर मला चार. "मास्तरची पोरगी म्हणून सोडली असं कुणी म्हणायला नको." बाबा, तीही भेदभावाचीच एक तऱ्हा होती, फक्त उलट्या बाजूने. आणि कबड्डीचा कॅप्टन? तालुक्याच्या स्पर्धेआधी त्याचा भूगोलाचा पेपर तुम्ही "पुन्हा एकदा नजरेखालून" घातला होता. आई म्हणाली होती की तुमची नजर फार प्रेमळ झाली आहे. ती नजर माझ्या पेपरावर कधी पडली नाही.

हे सगळं मी रागाने लिहून काढलं होतं, इथल्या मुख्याध्यापकांना पाठवायला. दीड पान झालं होतं, नातीने इंग्रजी तपासून दिलं होतं. आणि तेवढ्यात तुमचा नातू किकर झाला.

किकर म्हणजे त्या हातांच्या खेळात पायाचं काम करणारा एकटा माणूस. सामन्यात दोन-चारदा मैदानात जायचं, चेंडूला लाथ मारायची आणि परत येऊन बसायचं. आधीच्या पोराचा पाय मुरगळला. आपला नातू साधा फुटबॉल खेळतो हे कोचना कळलं आणि सप्टेंबरात त्याला उचलून नेलं. पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याची लाथ बरोबर दोन खांबांच्या मधून गेली. तेव्हापासून किराणा दुकानातला माणूस आमची पिशवी गाडीपर्यंत आणून देतो. मुख्याध्यापकांनी मला "नमस्ते" केलं, दोन्ही हात जोडून. ज्या बाईंनी ईमेल पाठवला होता, त्यांना आता आपल्या आडनावाचा उच्चार येतो.

मग दसरा आला. २ ऑक्टोबरला रात्री साडेआठला आईने नातवाला फोन लावला, आपट्याचं पान घेतलंस का विचारायला. वर्ग तोच, बाई त्याच, कायदाही तोच. नातवाने घाबरून फोन बाहेर काढला. बाई म्हणाल्या, "आजी आहे ना? घे, घे. वऱ्हांड्यात जाऊन बोल." तो दहा मिनिटं बोलला. आईने त्याला सांबारवडीची रेसिपी सांगितली म्हणे.

नातीने वहीत दोन रकाने पाडलेत. एकीकडे आजोबा, बैल, जप्ती, एक तास. दुसरीकडे आजी, आपटा, वऱ्हांडा, दहा मिनिटं. मला दाखवत म्हणाली, "आई, आता पाठव ते पत्र."

आता खरी अडचण सांगते. नातवाला गणितात ६८ पडले होते. ७० नाहीत तर तीन आठवडे मैदान बंद. त्यावर बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं की वर्गासाठी टिश्यू पेपरचे खोके आणून देईल त्याला जादा गुण. इथे असं चालतं, मी बनवून सांगत नाही. नातीने विचारलं, "हे नेमकं आत्ताच कसं सुचलं त्यांना?" मी उत्तर दिलं नाही. तुमचे जावई त्याच संध्याकाळी जाऊन टिश्यूचे चार खोके घेऊन आले. ७१ झाले. मास्तरची पोरगी असून मी ते खोके स्वतःच्या हाताने गाडीतून उतरवले, आणि उतरवताना मला तुमचा तो कबड्डीचा कॅप्टन सारखा आठवत होता.

नातीने तुमच्या नावे वेगळा अर्ज लिहिलाय, सोबत जोडला आहे. "माननीय माजी शिक्षक महोदय" अशी सुरुवात आहे आणि निकालाची मागणी आहे. तुमच्याकडून न्याय होईल अशी तिला खात्री आहे. तिला छड्यांचं मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करू. माझं ते दीड पानाचं पत्र तयारच आहे. फक्त आता हंगामाचे शेवटचे सामने आहेत, तर निकाल जरा सावकाश कळवा. नोव्हेंबर उजाडू द्या.

आईला नमस्कार. भाऊला म्हणावं, पाठवणीच्या सामानात मोहाचे लाडू असतील तर कस्टमवाल्यांना समजेल असं नाव चिकटवून पाठव.

तुमची,
थोरली

ता. क.: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोन कराल तेव्हा इथे शाळाच असेल. नातवाच्याच नंबरवर लावा.