अडकलेल्यांचे मामा

आमच्या मामांना चालू कॅमेऱ्यात काडीचा रस नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांचा पहिला प्रश्न, "अडकलाय ना?" विक्रेता ओशाळून हो म्हणाला, की मामांचा चेहरा उजळतो.

सध्याचा पेशंट आहे १९५०च्या दशकातला आग्फा इसोलेट. आग्फाने यात एक हिरवं ग्रीस घातलं होतं, त्याचा आता पार डिंक झालाय. फोकससाठी पुढची लेन्स फिरवायची, तर ती मागच्या पितळी रिंगेला अशी चिकटलेली, की दोघी जोडीनेच फिरतात. "जुनं लग्न आहे," मामा म्हणतात, "हिसका द्यायचा नाही."

फोकस रिंगेचे तीन इवले स्क्रू निघतात आणि मामींच्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत जातात. मग ती जोडी बाहेर काढून आट्यांच्या कडेने लायटरचं पेट्रोल, थेंब थेंब. मग चहा. मग मामींचा हेअर ड्रायर. मग फ्रीजर, मटारच्या पिशवीशेजारी. गरम-गार झालं की ग्रीसची पकड सुटते म्हणे. पुन्हा चहा. हे आठवडाभर. "अहो, फोडणीत मोहरी घालू की स्क्रू?" मामी विचारतात. मामा गंभीरपणे वाटी तपासतात.

एकदा एका जपानी कॅमेऱ्याच्या, रोल पुढे सरकवायच्या खटक्यावरचा स्क्रू तीन दिवस निघेना. चौथ्या दिवशी कळलं, आटे उलटे आहेत. तीन दिवस तो आवळणंच चाललं होतं. हा किस्सा मामा स्वतःच रंगवून सांगतात; फक्त "माझा एक मित्र होता" अशी सुरुवात करतात.

रविवारी चार वाजता फोन आला. "सुटली!" पोचलो तर मामा गच्चीवर. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर, शटर उघडं, आणि लेन्स केसभर इकडे, केसभर तिकडे. कागदावर सिंहगडाचा टॉवर उलटा उभा होता, हळूहळू स्पष्ट होत. "अनंत म्हणजे सिंहगड," मामा पुटपुटले आणि रिंगेवर पेन्सिलीने रेघ मारली. फोटो? काढला नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा कपाटात गेला, बाकीच्या सुटलेल्यांशेजारी.

तुमच्या माळ्यावर आजोबांचा एखादा असेल तर मामांना कळू देऊ नका. कळलंच, तर निदान त्याआधी त्यात खोबरेल ओतू नका.