द्वारकेची हवा

जुना ट्रक बघायला जाताना माणसाने तोंड बंद ठेवावं आणि अधूनमधून "हं" म्हणावं, एवढीच विद्या मला अवगत आहे. स्कूटरच्या वर माझी मजल कधी गेली नाही. तरी निफाडच्या मेहुण्याने मला पुण्याहून बोलावून घेतलं. "दाजी, गाडी चाचा बघतील. तुम्ही फक्त कागद वाचा." दुसऱ्याच्या ट्रकमधून कांदा वाशीला पाठवून भाड्यात मरण्यापेक्षा स्वतःचीच सहा चाकी घ्यावी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"द्वारकेला चाललोय" हे ऐकून शेजारच्या काकूंनी समुद्राचं तीर्थ आणायला बाटली दिली. नाशिकच्या द्वारकेला समुद्र नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता तिथे एकमेकांना भिडतात, आणि भरती मात्र बारा महिने असते. काळाराम मंदिर, रामकुंड, पांडवलेणी हे सगळं त्याच गावात आहे म्हणतात. असेल.

विक्रेत्याच्या आवारातल्या प्रत्येक ट्रकला ताजा रंग होता. चाचा मिस्त्री रंगाकडे बघतच नाहीत. त्यांनी आधी एका ट्रकच्या इंजिनाला हात लावला. गरम. "सकाळी सकाळी कुणी तापवून ठेवलं?" म्हणजे थंड असताना गाडी उठत नसणार. मग इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं आणि तोंडाशी तळवा धरला. धुराचा भपका आला की समजायचं, आतल्या रिंगा गेल्या, इंजिन काम निघालं. भपका बेताचा होता. मग पाट्यांवर टॉर्च मारला, चेसिसवर कुठे वेल्डिंग लपवलंय का ते नखाने खरवडून पाहिलं. चाचांच्या वडिलांनी टेल्कोच्या ज्या ट्रकांवर हात बसवला, त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असायचा. १९५४ साली जर्मनांशी करार झाला आणि तो तारा १९६९ पर्यंत टिकला. "तेव्हा पत्रा म्हणजे पत्रा होता," चाचा म्हणाले.

"हं," मी म्हणालो.

विक्रेता दचकला आणि दहा हजारांनी खाली उतरला. मेहुण्याने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

मग मी सुटलोच. टायरवर कोरलेले चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर गाडीपेक्षा तरुण निघाले, पण मागचे रिमोल्ड. गाडीला आठ वर्षं उलटली की पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि दोन ॲक्सलच्या ट्रकला नॅशनल परमिट बाराव्या वर्षापर्यंतच, हेही मी ऐकवलं. "मला वाशीच्या पुढं जायचंय कशाला?" मेहुणा म्हणाला. माझा आदर संपला.

ट्रायलला निघालो. कोपऱ्यात टायरवर बसलेल्या एका गप्प माणसाला विक्रेत्याने चालवायला बसवलं. माझ्या वाट्याला इंजिनाचं झाकण आलं. ते गरम असल्याची नोंद आधीच झाली होती.

द्वारका चौकात, बरोबर मध्यावर, ट्रक दोनदा खोकला आणि बंद पडला.

ट्रायलच्या गाडीत गेटाबाहेर जाऊन परत येण्यापुरतंच डिझेल ठेवायचं, असा त्या आवाराचा हिशेब होता. सिग्नलचा खर्च त्यात धरलेला नव्हता. टाकी कोरडी पडली आणि डिझेलच्या नळीने हवा ओढली. इंजिन थांबल्यावर कॉम्प्रेसर थांबला, ब्रेकच्या टाकीला कुठेतरी गळती होती, तिथला दाब उतरला. आणि दाब उतरला की मागच्या बूस्टरमधल्या स्प्रिंगा चाकं आवळून धरतात. थोडक्यात, हवा नको होती तिथे शिरली आणि हवी होती तिथून निघून गेली. ढकलायचीही सोय उरली नाही.

'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. आमच्या फाळक्यावर ते नव्या रंगाखालून अजून वाचता येत होतं, आणि मागचे सगळे ते वाचून आज्ञाधारकपणे वागत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "साईडला घ्या ना." मी म्हणालो, "हं." इथे दर उतरला नाही. हवालदार आले आणि म्हणाले, "कागद." शेवटी माझं काम निघालं! मी आरसी, विमा, पीयूसी क्रमाने वाचून दाखवायला लागलो. तिसऱ्या कागदाला त्यांनी हात जोडले आणि मला कॅन देऊन डिझेल आणायला पिटाळलं.

मग कळलं, द्वारका पायी ओलांडणं म्हणजे काय. पादचाऱ्यासाठी जमिनीखालून भुयारी मार्ग काढलाय, त्यात चिटपाखरू नाही. डोक्यावर उड्डाणपूल, त्यावरून धुळ्याच्या गाड्या सुसाट. ज्याला नाशकात थांबायचंच नाही त्याची एवढी चोख व्यवस्था, आणि ज्याला समोरच्या दुकानातून औषध आणायचंय ती म्हातारी चाकांच्या मधून हात दाखवत, जीव मुठीत धरून चाललेली! मी तिच्या मागोमाग गेलो. तिने मला सुखरूप नेलं.

परत आलो तेव्हा तो गप्प माणूस ट्रकखाली उताणा पडून पान्याने बूस्टरचा बोल्ट फिरवत होता. स्प्रिंग आवळली, चाक सुटलं. मग बाहेर येऊन तो हाताने पंप मारत नळीतली हवा काढू लागला. बुडबुडे थांबेपर्यंत घाई नाही. त्याला नट शोधावा लागत नव्हता.

"तुम्हाला बरी माहिती आहे या गाडीची," मी म्हणालो.

"माझीच आहे," तो पंप मारत म्हणाला. "हप्ते थकले."

हॉर्न वाजतच होते. मला त्या दिवसात पहिल्यांदाच "हं" सुद्धा सुचलं नाही.

मग त्यानेच मेहुण्याला सांगितलं: तिसरा गिअर उतारावर सुटतो, कसाऱ्याच्या घाटात उतरायच्या आधी उघडून घ्या. गळती डाव्या बाजूच्या पाइपाला आहे. पावसात केबिन मागच्या कोपऱ्यातून गळते, तिथे पोरीचं दप्तर ठेवायचो नाही. आवारात परतल्यावर विक्रेता त्याला डोळ्यांनी दटावत राहिला, पण तो सांगायचं थांबला नाही.

चाचा म्हणाले, "हीच घ्या. जिचे दोष माहीत झाले ती गाडी स्वस्त पडते."

गिअर आणि पाइपाचा खर्च वजा करून सौदा ठरला. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलाचे २९ आणि ३० मी मोठ्याने वाचले, सगळ्यांनी हात जोडायच्या आत सह्या घेतल्या. मेहुणा त्या माणसाला म्हणाला, "दादा, ड्रायव्हर मलाही लागणारच आहे."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग पुढे होऊन त्याने किल्ली उचलली आणि नव्या मालकाला सांगितलं, "आधी डिझेल टाका. टाकी भरून."